फुंगकाकांची तिथी

प्रकरण एकोणिसावे

विमानांपासून लपायचा खड्डा मागाच्या खोलीखाली होता. गेल्या जुलैत जिनिव्हाला तह झाला, विमानं यायची थांबली, आणि तेव्हापासून त्या खड्ड्यात कुणी उतरताना दिसलं नव्हतं. दिएप त्या सकाळी उतरली ती नवऱ्याची पाठपिशवी शोधायला. खिएम दुसऱ्या दिवशी पहाटे क्वीन्योन बंदराकडे निघायचा होता. तिथं पोलंडचं जहाज लागलं होतं आणि चार दिवसांनी ते माणसं भरून उत्तरेला जाणार होतं.

तहानं देशाचे दोन भाग केले होते. वरचा फ्रेंचांशी लढलेल्या साम्यवादी व्हिएत मिन्हचा, खालचा सायगावच्या सरकारचा. लुआंग घराण्याचं ताम क्वान गाव खालच्या भागात पडलं. नऊ वर्षं ज्या मुलखात फ्रेंच शिपायाला नीट पाय रोवता आला नव्हता, तो मुलूख जिंकलेल्यांनी रिकामा करून द्यायचा, असं कागदावर लिहिलं होतं. खिएम तालुक्याच्या प्रतिकार समितीचा सचिव. त्यानंच गावोगाव सभा घेऊन हे लोकांना समजावलं. लोक ऐकून घरी जायचे आणि आठ दिवसांनी पुन्हा येऊन विचारायचे, सचिवसाहेब, आपण जिंकलो ना नक्की?

पिशवी सापडली. ती ओढताना मागचा मोठा मातीचा रांजण हलला. मासळीचं खारं पाणी मुरवायचा जुना रांजण, वर लाकडी झाकण. झाकण सरकलं तसं दिएपला आत कापड दिसलं. तिला वाटलं, सुताच्या लडी असतील. तिनं हात घातला आणि एक गाठोडं वर काढलं. काथ्याच्या दोरीनं बांधलेलं, आणि कोपऱ्यावर लाल धाग्यानं नाव भरलेलं. फुंग.

ते टाके गावात कुणालाही ओळखू आले असते. खिएमची लायकाकू दर नव्या वर्षाला नवऱ्यासाठी, फुंगकाकांसाठी, कपडे शिवायची आणि कोपऱ्यावर नाव भरायची. फुंगकाकांना वाचता येत नव्हतं, पण स्वतःच्या नावाचा आकार ते ओळखायचे. डोंगरात व्हिएत मिन्हच्या कैदेत दुसऱ्या कुणी गाठोडं उचलू नये म्हणून ही काळजी. दर वर्षी ती गाठोडं खिएमच्या हातात द्यायची. खिएम ते घेऊन डोंगराकडे जायचा, पाच-सहा दिवसांनी यायचा आणि काकूच्या दारात उभा राहून सांगायचा, काका बरे आहेत, थोडे वाळलेत, तिथं बांबूच्या टोपल्या करतात, तुझी आठवण काढतात.

दिएपनं रांजण पूर्ण रिकामा केला. आठ गाठोडी निघाली. सगळ्यांत वरचं याच वर्षीचं. तळाच्या दोन गाठोड्यांना कसर लागली होती.

ती तिथंच ओल्या मातीवर बसून राहिली. वरून सासूबाईंनी दोनदा हाक मारली, कोंबडी कापायची राहिली म्हणून. दिएपला ऐकू येत होतं. उठता येत नव्हतं. दहा वर्षं ती या माणसाबरोबर एका चटईवर झोपली होती. तो खोटं बोलतो हे तिला कधी माहीत नव्हतं. तो पक्षाच्या सभेत तांदळाचा आकडा एक पायलीनं चुकला तरी उभं राहून चूक कबूल करणारा माणूस होता.

शेवटी तिनं गाठोडी परत ठेवली, झाकण लावलं, पिशवी घेतली आणि वर आली.

"सापडली?" सासूबाईंनी विचारलं.

"सापडली," दिएप म्हणाली.

* * *

खिएमच्या म्हाताऱ्या आईच्या घरात त्या दिवशी तिच्या नवऱ्याचं श्राद्ध होतं. दोन्ही मुलगे एका चटईवर बसलेले तिला नऊ वर्षांनी दिसत होते, आणि तिला सकाळपासून त्यांच्याकडे सरळ बघवत नव्हतं. धाकटा त्राक दोन दिवसांपूर्वी न्या त्रांगहून आला होता. शेहेचाळीस साली तो राष्ट्रवाद्यांच्या पक्षात होता, आणि व्हिएत मिन्हनं त्या पक्षाची माणसं उचलायला सुरुवात केली तेव्हा तो एका रात्रीत पळाला. आता तो तिथंच सायगाव सरकारच्या कचेरीत होता. खिएमची माणसं गेली की तालुक्याचा कारभार ताब्यात घ्यायला जी मंडळी येणार होती, त्यात त्याचं नाव होतं. एक भाऊ ज्या खुर्चीवरून उठणार, तिच्याशेजारच्या खुर्चीवर दुसरा बसणार होता.

"दादा, ही चप्पल टायरची ना?" त्राकनं विचारलं.

"हो. फ्रेंचांच्या ट्रकची. तुझे बूट कुणाच्या कातड्याचे?"

"विकत घेतलेत."

"ते दिसतंच आहे."

आईनं केळीच्या पानात बांधलेल्या तांदळाच्या काळ्या वड्या पितरांच्या देव्हाऱ्यावर मांडल्या. उदबत्त्या लावल्या. "बाबांना नमस्कार करा आणि मग भांडा," ती म्हणाली. "एवढी वर्षं थांबलात, आणखी अर्धा तास थांबा."

दोघांनी नमस्कार केला. चटईवर परत येता येता त्राक म्हणाला, "मला खरंच कळत नाही दादा. तुम्ही दिएन बिएन फूची लढाई जिंकलात. जगानं मान्य केलं. आणि घर तुम्ही खाली करताय. जिंकणाऱ्यानं सामान बांधलेलं मी पहिल्यांदाच बघतोय."

"दोन वर्षं. मग सगळ्या देशात मतदान. मग बघू कोण सामान बांधतं."

"मतदान," त्राक म्हणाला, आणि वाडग्यात बघत राहिला.

"काय? बोल ना."

"काही नाही."

"तुझ्या त्या पक्षाला राष्ट्र राष्ट्र म्हणून ओरडायची सवय होती. शेवटी राष्ट्र फ्रेंचांच्या खिशात सापडलं का?"

"आणि तुझं कुठं सापडलं? मॉस्कोत?"

"पुरे," आई म्हणाली. "बाबांना यातलं काही कळायचं नाही. ते बिचारे कोंबडीसाठी आलेत."

खिएम हसला. त्राकही हसला. क्षणभर ते दोघं नदीवरून एकत्र परत आलेल्या मुलांसारखे दिसले.

तेवढ्यात फाटकाशी लायकाकू दिसली. आईची धाकटी जाऊ. तिनं केस नीट घट्ट बांधले होते, अंगात सणाचा काळा अंगरखा होता आणि काखेत घडी केलेला नवा शर्ट होता. आई लगेच उठून चुलीपाशी गेली. लाय आली की आईचे हात नेहमी कुठल्या तरी कामात असत. गेल्या आठ वर्षांत तिनं लायला भात, मीठ, सूत, सगळं दिलं होतं. तिच्यासमोर रिकाम्या हातानं मात्र ती कधी बसली नव्हती.

चुलीपाशी दिएप उभी होती. तिचा चेहरा भाताच्या पेजेसारखा पांढरा पडला होता.

"बरं नाही का?" आईनं विचारलं.

"आई," दिएप हळू म्हणाली, "फुंगकाका कुठं आहेत?"

आईच्या हातातला वाडगा पुसून झाला होता. तिनं तो पुन्हा पुसायला घेतला.

"डोंगरात," ती म्हणाली. "दुसरीकडं कुठं असणार?"

* * *

त्राकला काकू आवडायची. लहानपणी तो तिच्याच मागापाशी बसून पाढे म्हणायचा. आता ती समोर बसली तेव्हा तिच्या नजरेला नजर द्यायला त्याला थोडा वेळ लागला. तिनं मात्र त्याचा दंड धरून बघितला.

"जाड झालास. बरं झालं. तुझे काका बघतील तर ओळखायचे नाहीत." मग तिनं कमरेच्या कनवटीतून वर्तमानपत्राचा एक घडी पडलेला तुकडा काढला. "हे वाच मला. मला वर्गात शिकवलंय वाचायला, पण हे अक्षर फार बारीक आहे."

तहाची कलमं होती. त्राकनं डोळ्यांवर चष्मा चढवला. कागद मऊ पडला होता, शंभरदा उघडल्यासारखा. एकविसाव्या कलमाखाली तिनं कोळशानं रेघ ओढली होती. त्यानं मोठ्यानं वाचलं. युद्धकैदी आणि स्थानबद्ध केलेले नागरिक, सगळ्यांना दोन्ही बाजूंनी मुक्त करावं. युद्धबंदी प्रत्यक्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत.

"तीस दिवस कधी संपले?"

"गेल्या ऑगस्टच्या शेवटी, काकू."

"म्हणजे मी बरोबर मोजले होते." ती खिएमकडं वळली. "बाळा, मी तुला त्रास दिला नाही. तुझ्यामागं केवढी कामं. पण उद्या तू चाललास, आणि तू गेल्यावर मी कुणाला विचारू? म्हणून मी तहावर देखरेख करणाऱ्या त्या तीन देशांच्या कमिशनला अर्ज दिला. मोठ्या रस्त्यावर त्यांची जीप थांबली होती. आत पगडीवाला भारतीय साहेब होता, दाढी जाळीत बांधलेली. त्यानं दोन्ही हातांनी अर्ज घेतला. दुभाष्या म्हणाला, उत्तर येईल."

त्राकनं बघितलं की खिएमचा हात शर्टाच्या खिशावर गेला आणि तिथंच राहिला. कचेरीतल्या माणसाला दुसऱ्या कचेरीतल्या माणसाची ती हालचाल बरोबर कळते. अर्ज फिरत फिरत दादाच्याच टेबलावर आला होता.

ही संधी होती, असं त्राकला वाटलं. दोन दिवस तो टायरच्या चपलेची टिंगल करत होता, पण आत कुठं तरी दादासमोर त्याला लहान वाटत होतं. "हो दादा," तो म्हणाला. "सांग ना. काका कुठं आहेत? तहावर तर तुम्ही सही केलीय."

खिएमनं काकूकडं बघितलं. "डोंगरातल्या कैद्यांना आधीच उत्तरेला हलवलंय, काकू. काकाही तिकडंच असतील. मी पोचलो की पहिलं काम तेच करतो."

काकूचा चेहरा उजळला. त्राकनं असा उजळलेला चेहरा फार वर्षांत बघितला नव्हता. "उत्तरेला. मग तिथं थंडी असेल. बरं झालं मी हा जाड विणला." तिनं काखेतला शर्ट दोन्ही हातांवर ठेवून पुढं केला. "मग तूच ने. समोर घालायला लाव. गळा घट्ट झाला तर कळव कुणाकडून तरी."

खिएमनं दोन्ही हात पुढं केले.

"अहो, तो शर्ट घेऊ नका."

दिएप स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा आवाज चढला नव्हता. तरी सगळे थांबले, कारण दिएप पुरुषांच्या बोलण्यात कधी बोलत नसे. ती वळली आणि मागाच्या खोलीत गेली. खालच्या खड्ड्यातून लाकडी झाकण सरकल्याचा आवाज आला. ती एकदा वर आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. आठही गाठोडी तिनं देव्हाऱ्यासमोरच्या चटईवर ओळीनं मांडली आणि बाजूला उभी राहिली.

काकू गुडघ्यांवर सरकत पुढं आली. तिनं एका गाठोड्याच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. मग दुसऱ्याच्या.

"ही माझी शिवण आहे," ती म्हणाली. जणू कुणीतरी चोरीचा माल दाखवून विचारत होतं की हा तुमचा का.

"काकू," खिएम म्हणाला.

"हे त्यांनी परत का पाठवले? बसले नाहीत का अंगाला?"

त्राकनं चष्मा काढून तिच्याकडं बघितलं. तिला कळलं नव्हतं. किंवा कळलं होतं, आणि ती एक दार सोडून दुसरं दार चाचपून बघत होती.

"काका नाहीत, काकू," खिएम म्हणाला. "सत्तेचाळीस सालीच गेले. पहिलं गाठोडं मी त्यांच्या हातात दिलं होतं. ते खरं होतं. त्यानंतर मी सुटकेचा कागद मिळवला. दहा महिने लागले. तो घेऊन वर गेलो तेव्हा अकरा दिवस उशीर झाला होता. ताप. डोंगरातला ताप. त्या हंगामात तिथले पहारेकरीही मेले."

"तू येऊन म्हणालास, बरे आहेत."

"उतरताना ठरवलं होतं की सांगायचं. संपूर्ण वाट मी वाक्य जुळवत आलो. तू दारातच उभी होतीस. मी तोंड उघडायच्या आत तू विचारलंस, बरे आहेत ना. मी हो म्हणालो. एकदा हो म्हटल्यावर पुढच्या वर्षी नाही कसं म्हणायचं, ते मला कळलं नाही."

काकू त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पापणीही लवत नव्हती.

त्राक उठून उभा राहिला. त्याला राग आला होता आणि त्या रागात एक प्रकारचं सुखही होतं, हे त्याला नंतर कित्येक वर्षं आठवत राहणार होतं. "हे तुमचं राज्य," तो म्हणाला. "हे नऊ वर्षांचं स्वातंत्र्य. आणि कशासाठी? एका विणकरासाठी? ज्या माणसाला अक्षर वाचता येत नव्हतं, त्याला..."

तो थांबला.

"पूर्ण कर," खिएम म्हणाला.

त्राकनं मान खाली घातली.

"मी करतो. ज्या माणसाला अक्षर वाचता येत नव्हतं, त्याच्या मागाखाली तुमच्या पक्षाची तीनशे छापील पत्रकं कशी सापडली?"

काकूनं मान वळवली. आता ती त्राककडं बघत होती. त्यानं हा क्षण किती वेळा मनात रंगवला होता. पण दरवेळी त्यात तो स्वतःहून बोलायचा.

"मी ठेवली होती," तो म्हणाला. "काकांना सांगितलं होतं, शाळेचे कागद आहेत. मला निरोप आला की आज रात्री झडती होणार. पत्रकं काढायला वेळ नव्हता. मी होडीत बसलो."

"आणि ते म्हणाले, माझी आहेत," काकू म्हणाली. "मी समोर होते. मी म्हटलं, अहो, तुम्हाला कुठं वाचता येतं. तर माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसले. आठ वर्षं मला वाटतंय, मी त्या दिवशी गप्प बसायला नको होतं."

"मीही तिथंच होतो," खिएम म्हणाला. "मलाही माहीत होतं. काकांना वाचता येत नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण पुढचा प्रश्न असता, मग कुणाची? त्राक तेव्हा नदीच्या तोंडापर्यंतही पोचला नव्हता."

त्राकनं भावाकडं बघितलं. त्याला हे माहीत नव्हतं. नऊ वर्षं तो समजत होता की दादानं त्याला पकडायला माणसं पाठवली होती.

चुलीपासून आई आली. तिच्या हातात काही नव्हतं.

"मी सांगितलं त्याला गप्प राहायला," ती म्हणाली. "खिएमला. दारामागं उभी राहून मी मानेनं नको म्हटलं. होडीत भात मी बांधून दिला होता. मला वाटलं, भावजींना चार महिने ठेवतील आणि सोडतील. म्हाताऱ्या विणकराला कोण ठेवून घेतं? लाय, मी हिशेब केला. पोटचा पोरगा एकीकडं, दीर एकीकडं. चार महिन्यांचा हिशेब केला मी."

* * *

लायकाकूला नंतर त्या दुपारचे फक्त काही तुकडे आठवत. उदबत्तीची राख वाकत होती पण तुटून पडत नव्हती. बाहेर कुणीतरी नारळ सोलत होतं. घरातली चार माणसं तिच्याकडं बघत होती आणि तिनं काहीतरी करावं असं सगळ्यांना वाटत होतं. रडावं, शाप द्यावा, कपाळ आपटावं. तिला तसलं काही येतच नव्हतं. अंग दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं झालं होतं.

तिनं एकच विचारलं. "तिथी कोणती?"

खिएम म्हणाला, "दहाव्या महिन्याची एकोणीस."

"नक्की?"

"पहारेकऱ्यानं बांबूवर कोरून ठेवली होती."

"दहाव्याची एकोणीस." ती पुटपुटली. तिनं बोटांची पेरं मोजली आणि ती थोरल्या जावेकडं वळली. "सात एकोणिशी गेल्या. सात वर्षं त्यांना कुणी जेवायला बोलावलं नाही. मी जिवंत माणसाला कपडे पाठवत बसले आणि ते उपाशी फिरत होते. माझ्याच दारावरून गेले असतील, अक्का. मी आत बसून त्यांचाच शर्ट शिवत असेन, आणि भात नव्हता."

आई खाली बसली आणि तिनं तोंडात पदरासारखा अंगरख्याचा कोपरा कोंबला. दिएपनं न बोलता एक वाडगा घेतला, भात वाढला, कोंबडीचा तुकडा ठेवला, काड्या ठेवल्या, आणि देव्हाऱ्यावर सासऱ्यांच्या वाडग्याशेजारी मांडला. काकूनं उदबत्त्या लावल्या. खिएम आणि त्राक मागं उभे राहिले. तिनं त्यांना या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

नमस्कार झाल्यावर ती म्हणाली, "मला तिथं जायचंय."

"आन लाओच्या वर आहे," खिएम म्हणाला. "दोन दिवसांची चढण. मी येतो."

"आणि जहाज?" आई म्हणाली. "दोन दिवस जायला, दोन यायला. जहाज निघून जाईल. खिएम, हे शेवटचं आहे. त्यानंतर..." तिनं त्राककडं बघितलं. "तू आहेस ना? तू त्याला सांभाळशील ना? तुझी माणसं आली की तू सांगशील ना, हा माझा भाऊ आहे म्हणून?"

त्राकनं न्या त्रांगच्या कचेरीत एक यादी बघितली होती. तालुक्यातली जी माणसं मागं राहतील, त्यांतल्या कुणाकुणाला आधी उचलायचं त्याची. दादाचं नाव पहिलं होतं, पुढं टंकलेखन यंत्राची फुली. ती यादी त्यानंच फाइलला लावली होती.

तोंडात खोटं तयार होतं. त्यानं समोरच्या आठ गाठोड्यांकडं बघितलं.

"नाही सांभाळू शकणार, आई," तो म्हणाला. "दादाला जायलाच हवं."

"मग तू ने काकूला."

"वर अजून आमची माणसं आहेत," खिएम म्हणाला. "ह्याला बघितलं तर परत येणार नाही."

दोन मुलगे, दोन राज्यं, आणि एका बाईला तिच्या नवऱ्याच्या मातीपर्यंत न्यायला घरात पुरुष नव्हता. दिएपनं चटईवरची गाठोडी एकावर एक रचायला घेतली होती. ती मान वर न करता म्हणाली, "मी जाते. लढाईच्या वेळी त्याच वाटेनं तीनदा तांदूळ वाहून नेलाय मी. वाट मला माहीत आहे."

"दिएप," खिएम म्हणाला. "तू बंदरावर यायची होतीस."

"हो. यायची होते."

त्यानं नकाशा काढून दिला. ओढा कुठं ओलांडायचा, जळका फणस कुठं, त्याच्या डावीकडं तीन दगड. काढताना त्याचा हात स्थिर होता, आणि दिएपला कळलं की तो नकाशा त्याच्या डोक्यात आठ वर्षं तयार होता.

* * *

पहाटे सगळे एकदमच निघाले. मोठ्या रस्त्यावर माणसांची रांग दक्षिणेकडं, बंदराच्या दिशेनं चालली होती. बायका नवऱ्यांच्या बरोबरीनं धावत होत्या. गेल्या महिन्यात लग्न झालेल्या पोरी होत्या, ज्यांना नवऱ्याचं नाव घ्यायचीही सवय झाली नव्हती. जो तो हात वर करून दोन बोटं दाखवत होता. दोन वर्षं. बोलायची गरज नव्हती.

खिएमनं फाट्यापाशी पाठपिशवी खाली ठेवली. तो काकूच्या पायांशी गुडघ्यांवर बसला. काकूनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. पण तिनं पायही मागं घेतला नाही. "खोकला होतो तुला," ती म्हणाली. "तिकडं थंडी असते."

मग तो दिएपसमोर उभा राहिला. त्यानंही दोन बोटं वर केली. दिएपनं मान हलवली. तिला खूप काही विचारायचं होतं. दर वर्षी ते पाच-सहा दिवस तुम्ही कुठं राहायचात, कुणाच्या घरी, काय खायचात. रांग पुढं सरकत होती. तो वळला आणि रांगेत शिरला, आणि थोड्याच वेळात त्या शेकडो पाठींमधली त्याची पाठ कुठली ते तिला सांगता येईना.

त्राक दोघींना डोंगराच्या पायथ्याच्या गावापर्यंत सोडायला आला. त्याच्या पुढं त्याला जाता येत नव्हतं. काकू थोडी पुढं गेली तेव्हा त्यानं दिएपला थांबवलं.

"वहिनी, तुम्हाला एक सांगतो. आईला सांगू नका. दादालाही मी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तो गेला नसता." त्यानं घसा साफ केला. "मतदान होणार नाही. कचेरीत साहेब चहा पिता पिता बोलले. आमचं सरकार म्हणतं, आम्ही त्या तहावर सहीच केली नाही, आम्हाला तो लागू नाही. तयारी वेगळीच चाललीय. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं नाहीत."

"मग किती?"

"मला माहीत नाही, वहिनी. कुणालाच माहीत नाही."

दिएपनं मागं बघितलं. इथून मोठा रस्ता दिसत नव्हता, फक्त नारळांवर तरंगणारी धूळ दिसत होती. पळत गेलं तर संध्याकाळपर्यंत ती रांगेला गाठू शकली असती. पुढं वळणावर काकू काठी टेकून उभी होती आणि तिची वाट बघत होती.

ती पुढं चालू लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना जळका फणस सापडला आणि तीन दगड सापडले. मधल्या दगडापाशी गवत वर्षातून एकदा काढल्यासारखं कमी होतं. दिएपच्या ते लगेच लक्षात आलं. म्हणजे तो दर वर्षी इथंच यायचा.

काकूनं दिवसभर तिथली माती साफ केली. भात मांडला. गाठोडी एकेक करून सोडली आणि कपडे जाळले, सगळ्यांत जुने आधी. ती नवऱ्याशी बोलत होती. घराचं छप्पर, मागाची तुटलेली फणी, अक्काचे गुडघे. मध्येच एकदा तिचा आवाज तुटला आणि ती जमिनीवर उपडी पडून रडली. दिएप लांब बसून राहिली. मग तिला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं वर आल्यावर काकू म्हणाली, "आज निघणार ना जहाज?"

"हो. एव्हाना निघालं असेल."

"तू जायला हवं होतंस, पोरी. माझ्यापायी तुझा निरोप राहिला."

"गेले असते तर त्यांनी विचारलं असतं, रागावलीस का. मला काय सांगायचं ते अजून ठरलं नाही."

काकूनं तिचा हात आपल्या हातात घेतला. तिचे डोळे सुजले होते, आवाज बसला होता, पण चेहरा दोन दिवसांपूर्वीपेक्षा जिवंत होता. "ठरव सावकाश," ती म्हणाली. "रागाव, पण फार नको. दोन वर्षं लगेच जातात. येईल ना तो दोन वर्षांनी?"

तिनं मान वर करून बघितलं. दिएपला त्राकचे शब्द आठवत होते. ते तोंडापर्यंत आले.

"येतील ना," ती म्हणाली. "बरे असतील, आणि येतील."